नवी रोडबाईक आधी, की २०० ची बीआरएम आधी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४१, वजन ७८ किलो, तीन वर्षांपासून १३ किलोची हायब्रिड (सरळ हँडलची सायकल), दर रविवारी सिंहगड रस्त्याने खडकवासला किंवा पानशेत, म्हणजे ४० ते ६० किलोमीटर. ग्रुपमधल्या दोघांनी कार्बनच्या रोडबाईक (खाली वळलेल्या ड्रॉप हँडलच्या हलक्या सायकली) घेतल्या आणि तेव्हापासून चढ लागला की ते दिसेनासे होतात. डिसेंबरात २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) आणि जानेवारीत पुणे ते महाबळेश्वर असं मनात आहे. दीड लाख बाजूला काढलेत, घरून 'बघ बाबा तुझं तू' इतपत परवानगी मिळालीय. तर रोडबाईक घ्यावी का, आणि न घेता हे जमेल का?

मी सायकली विकत नाही. दुरुस्त करतो, आणि हिवाळ्यात स्वतः ब्रेव्हे, म्हणजे बीआरएमसारख्या फेऱ्या, करतो. लोकांनी जुन्या सायकली चालवल्या तर माझं दुकान चालतं, एवढं ध्यानात ठेवूनच पुढचं वाचा.

मला वाटतं तुम्ही दोन प्रश्न एकाच गाठोड्यात बांधलेत. २०० किलोमीटर वेळेत होतील का, हा पहिला. मित्रांच्या मागे पडायचं नाही आणि ती सायकल मनात भरलीय, हा दुसरा. दुसऱ्यात लाजण्यासारखं काही नाही, हौसेला मोल नसतं. पण हौसेची खरेदी करताना 'ही नसेल तर बीआरएम होणार नाही' असं घरी सांगू नका, कारण ते खरं नाही.

आधी बीआरएमचं गणित. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. ही शर्यत नाही. पहिला-दुसरा नंबर नसतो, साडेनऊ तासांत आलेला आणि तेरा तास वीस मिनिटांत आलेला दोघांची नोंद सारखीच होते. हायब्रिड, एमटीबी (डोंगरवाटांची सायकल), काहीही चालतं, फक्त पायांनी चालवायची. हेल्मेट, दिवे आणि अंधारात रिफ्लेक्टिव्ह जॅकेट लागतं. अडलात तर मदत कंट्रोलवरच (वाटेतल्या ठरलेल्या तपासणी-थांब्यावर) घ्यायची, मागून गाडी आणून नाही. मधल्या प्रत्येक कंट्रोललाही बंद होण्याची वेळ असते, ती कंट्रोलचे शिक्के घ्यायच्या कार्डावर बघून ठेवा.

आता तुमचा वेग. चालत्या सायकलवर सरासरी ताशी २० किलोमीटर पडते असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे २०० ला दहा तास, आणि साडेतीन तास हातात शिल्लक. समजा रोडबाईकने सरासरी २२ झाली. मग नऊ तास पाच मिनिटं. पंचावन्न मिनिटं वाचली, चांगलीच वाचली. पण पहिल्यांदा २०० करणारे लोक ही पंचावन्न मिनिटं कुठे घालवतात ते मी दरवर्षी बघतो. कंट्रोलला सायकल भिंतीला टेकवायची, हेल्मेट काढायचं, ग्लोव्हज काढायचे, फोन बघायचा, मिसळ मागवायची, ती येईपर्यंत फोटो, मग चहा, मग उठताना लक्षात येतं की बाटली भरायची राहिली. चाळीस मिनिटं गेली. असे चार थांबे झाले की अडीच तास संपतात, आणि घोडं तिथेच पेंड खातं. त्याच जागी कार्डावर शिक्का, बाटल्या भरणं, दोन केळी आणि निघणं हे बारा मिनिटांत होतं. दीड लाखाच्या सायकलने जे वाचेल त्याच्या दुप्पट इथे फुकट वाचतं.

चढाबद्दल तुमची तक्रार खरी आहे, पण कारण जरा तपासून बघू. पसरणी घाट घ्या, कारण महाबळेश्वरला जाताना तोच लागणार. वाईपासून पाचगणीपर्यंत साधारण बारा किलोमीटरांत पावणेसहाशे मीटर चढायचं, म्हणजे सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास. तुम्ही ७८, सायकल १३, पाणी-पंप-ट्यूब मिळून ३, एकूण ९४ किलो वर न्यायचे. सायकल नऊ किलोची घेतली तर ९०. वजन कमी झालं चार टक्क्यांहून थोडं जास्त. चढाला सव्वा तास लागत असेल तर तीनेक मिनिटं वाचतील. मित्र तीन मिनिटांनी पुढे असतील तर ते सायकलीमुळे. पंधरा मिनिटांनी पुढे असतील तर बाकीची बारा मिनिटं त्यांच्या पायांची आहेत, आणि ती बाजारात मिळत नाहीत. त्यांना एकदा विचारा, सायकल घेतल्यापासून आठवड्यातून किती वेळा निघताय? बहुतेक वेळा उत्तर असतं की नवीन घेतल्यापासून जास्त निघतोय. हा नव्या सायकलीचा खरा फायदा आहे आणि मी तो हसण्यावारी नेत नाही.

उलट रोडबाईक खरी कामाला येते ती सपाटीवर, समोरून वारा असताना. वेग पंचविसाच्या पुढे गेला की निम्म्याहून जास्त ताकद हवा कापण्यात जाते. हायब्रिडवर आपण छाती पुढे करून बसतो, ड्रॉप हँडलवर वाकून अंग लहान करता येतं. शिवाय हात ठेवायला तीन-चार जागा मिळतात. तुम्ही तळहाताला मुंग्या येतात असं लिहिलंय, ते याचंच. पण त्यावर आधी हँडलच्या टोकाला बार एंड (पुढे आलेली छोटी शिंगं) लावून बघा, काही शे रुपयांचं काम आहे. आणि सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर ते सपाट करा. नाक खाली असलं की अंग पुढे घसरतं आणि सगळा भार मनगटांवर येतो.

आता तुमच्याकडे असलेल्या सायकलीचं काय करायचं ते सांगतो.

पहिले टायर. हायब्रिडवर बहुधा ३५ किंवा ३८ मिलिमीटर रुंदीचे, जाड रबराचे, नक्षीवाले टायर येतात. ते काढून २८ किंवा ३२ चे चांगले गुळगुळीत टायर घाला. आपल्या रस्त्यांना मी ३२ सुचवेन. रिमला आणि मडगार्डला काय बसतं ते आधी बघून घ्या. जड टायर आणि चांगला टायर यांच्या घर्षणात एवढा फरक असतो, की पाच टक्के चढावरसुद्धा तो चार किलो वजन कमी केल्याइतका पडतो, कधी जास्तच. सपाटीवर तर विचारूच नका. आणि कृपा करून शंभर पीएसआय हवा (पंपावरचा दाबाचा आकडा) भरू नका. तुमच्या वजनाला ३२ च्या टायरमध्ये साठ-पासष्ट पुरतात, पुढच्यात थोडी कमी. दगडासारखा टायर खडीच्या डांबरावर उड्या मारतो आणि दिवसाअखेर पाठ मोडते.

दुसरी सीटची उंची. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण दुकानात येणाऱ्या दर दुसऱ्या हायब्रिडवर हीच अडचण असते. सिग्नलला सीटवर बसल्या बसल्या तुमचे दोन्ही पाय पूर्ण टेकतात का? टेकत असतील तर सीट खाली आहे. भिंतीला धरून सायकलवर बसा, रोज घालता तेच बूट घाला, पेडल सगळ्यात खाली आणा आणि त्याच्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, कंबर मात्र एका बाजूला झुकता कामा नये. मग चवडा पेडलवर ठेवलात की गुडघ्यात हलकासा बाक येईल, तो हवाच. हल्लीच एक गृहस्थ गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं म्हणून आले होते, सोबत नव्या सायकलीचं माहितीपत्रक. सीटपोस्ट मोजला तर हवा त्यापेक्षा पावणेदोन इंच खाली. एकदम वर केली नाही. दर आठवड्याला पाच-सात मिलिमीटर, आणि प्रत्येक वेळी पोस्टवर मार्करने रेघ. गुडघा पुढून दुखला तर बहुधा सीट खाली, मागच्या शिरा ओढल्या तर सीट वर, मागून बघणाऱ्याला कुल्ले डावी-उजवीकडे हलताना दिसले तर नक्कीच वर. सीट चार सेंटीमीटर खाली ठेवून घाट चढणं म्हणजे जिने उकिडवं बसून चढण्यासारखं आहे. मग कार्बन असो नाहीतर लोखंड.

तिसरा खालचा गियर. बऱ्याच हायब्रिडला पुढे तीन चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चक्रं) असतात, सगळ्यात लहान २८ दात्यांची, आणि मागे सगळ्यात मोठं चक्र ३२ दात्यांचं. असं असेल तर तुम्ही घाटाच्या बाबतीत मित्रांपेक्षा श्रीमंत आहात. २८ ला ३२ या गियरवर मिनिटाला साठ फेरे मारले तरी सायकल ताशी साडेसहा-सात किलोमीटरने जाते, म्हणजे दमल्यावरही पाय फिरते राहतात. त्यांच्या रोडबाईकला पुढे ३४ आणि मागे २८ असेल, तर त्याच साठ फेऱ्यांना त्यांना नऊच्या वर वेग ठेवावा लागतो. पाय ताजे असताना ते मस्त वाटतं. दीडशे किलोमीटरनंतर तोच गियर गुडघे मागतो. खंबाटकी घाटात रोडबाईक ढकलत नेणारे लोक मी पाहिलेत आणि शेजारून बाजारातल्या साध्या सायकलवर शांतपणे पायडल मारत जाणारे काकाही पाहिलेत.

बाकीचं पटकन. चेन मोजून घ्या. अर्धा इंच पिचची चेन, म्हणजे एका फुटात बरोब्बर बारा पूर्ण कड्या (आतली आणि बाहेरची मिळून एक) बसल्या पाहिजेत. एक सोळांश (१/१६) इंच वाढली असेल तर आता बदला, एक अष्टमांश (१/८) वाढेपर्यंत थांबलात तर कॅसेटही (मागच्या चक्रांचा संच) जाईल. ब्रेकचे पॅड घाट उतरण्याआधी बघा. पॅड लावलेली शॉर्ट घ्या आणि तिच्या आत दुसरं काही घालू नका, हे कोणी स्पष्ट सांगत नाही म्हणून मी सांगतोय. दिवे चांगले घ्या, डिसेंबरात सहाला अंधार पडतो. सकाळी सहाला सुटलेल्या बीआरएमचा शेवट साडेसातला आहे, तेव्हा पूर्ण वेळ लागला तर शेवटचा तास-दीड तास तुम्ही अंधारातच असणार. हे सगळं मिळून दहा-पंधरा हजारांच्या पुढे जाऊ नये.

इथे एक सावधगिरी. यूट्यूब बघून हायब्रिडला ड्रॉप हँडल बसवायच्या फंदात पडू नका. रोडचे ब्रेक-शिफ्टर जेवढी केबल ओढतात तेवढी व्ही-ब्रेकला पुरत नाही, डिरेलरचं (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाचं) गणितही बऱ्याचदा जुळत नाही. शिवाय हायब्रिडची फ्रेम आधीच लांब असते, त्यावर ड्रॉप हँडल पुढे गेलं की तुम्ही सायकलवर आडवे पडाल. एवढे पैसे घालायचे तर रोडबाईकच घ्या.

तयारी. अजून तीनेक महिने आहेत. ६० वरून ८०, मग १००, मग नोव्हेंबरात एकदा १३०-१४०. मध्ये एखादा आठवडा हलका ठेवा. १४० किलोमीटर ज्याला जमलं त्याला २०० जमतं, फरक खाण्याचा आणि डोक्याचा असतो. आठवड्यात मधले दोन दिवस ऑफिसच्या आधी तासभर काढा. वेळ नाही ही सबब मला पटते, मलाही मिळत नाही. पण २०१५ साली रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत दोघांच्या संघात पूर्ण करणारे नाशिकचे महाजन बंधू आणि २०१७ साली एकट्याने पूर्ण करणारे नागपूरचे अमित समर्थ हे तिघंही डॉक्टर आहेत. चढाची परीक्षा घ्यायची तर सिंहगड तुमच्या दारात आहे. गोळेवाडीपासून नऊएक किलोमीटर, पसरणीपेक्षा अंगावर येणारा. भल्या पहाटे, गाड्यांची गर्दी व्हायच्या आत, न उतरता वर गेलात तर पसरणीची धास्ती सोडा.

खाणं पहिल्या तासापासून सुरू करा, भूक लागायची वाट बघू नका. ताशी अर्धा ते पाऊण लिटर पाणी, आणि चाळीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं. म्हणजे दोन मध्यम केळी, किंवा केळं आणि एक चिक्की. खजूर, राजगिऱ्याचा लाडू, गूळपोळीचे तुकडे, जे सरावात पचलं तेच. एका बाटलीत ओआरएस. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर एक लिटरच पाणी, अर्ध्यात ढवळू नका. तर्रीवाली मिसळ बीआरएम संपल्यावर खा, मी पैसे देतो.

महाबळेश्वर हे बीआरएमपेक्षा वेगळं प्रकरण आहे. अंतर सव्वाशेच्या आत, पण सगळ्यात मोठा चढ शेवटाकडे. कात्रजचा जुना घाट सकाळच्या गारव्यात निघून जातो. खंबाटकी गाड्यांच्या धुरात जातो, तिथे डावी कड सोडू नका. सुरूर फाट्याला वळून वाईत पोचलात की लोक आनंदात जोरात जेवतात आणि पसरणीत त्याची शिक्षा भोगतात. वाईत हलकं खा. घाटात मध्ये धोम धरणाचं पाणी दिसायला लागतं तिथे एकदा थांबा, फोटोसाठी नाही, पाणी पिण्यासाठी. पाचगणी आल्यावर 'झालं' असं वाटतं, ते झालेलं नसतं. पुढे अजून वीसेक किलोमीटर वर-खाली आहेत, आणि जानेवारीचा शनिवार असेल तर स्ट्रॉबेरीवाल्या गर्दीतून. जमलं तर मधल्या वारी रजा काढा. त्याच दिवशी सायकलने परत यायचा हट्ट नको.

आता सायकल कधी घ्यावी. काही बाबतींत मी आत्ताच घ्या म्हणेन. तुमच्या हायब्रिडला पुढे सस्पेन्शन असेल आणि ते लॉक होत नसेल, किंवा फ्रेमचा साईजच चुकलेला असेल, किंवा दुरुस्तीचा खर्च सायकलीच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर त्यात पैसे घालण्यात अर्थ नाही. मानेचा किंवा कमरेचा जुना त्रास असेल तर मात्र उलट, वाकून बसायची सायकल घेण्याआधी मित्राची तासभर चालवून बघा. बीआरएमच्या आधीच्या महिन्यात घेऊ नका. नव्या केबल सैल पडतात, नवी सीट टोचते, आणि हे २०० किलोमीटरच्या दिवशी कळून उपयोग नाही.

घेतलीच, तर दुकानात या गोष्टी बघा. खालचा गियर पुढे ३४ ला मागे ३४, किंवा त्याच्या जवळ. ३२ चा टायर बसायला जागा. हँडल फार खाली नसलेली, लांब पल्ल्यासाठी बनवलेली फ्रेम. शर्यतीची फ्रेम दिसायला देखणी असते आणि चाळिशीतल्या कमरेला बघून घेते. सोरा, टियाग्रा, १०५ या शिमानोच्या चढत्या दर्जाच्या गियर संचांत गियर पडण्याची मजा वाढत जाते, वेग नाही. दीड लाखात अॅल्युमिनियम फ्रेम आणि कार्बन फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) असलेली नीट सायकल, कसंबसं कार्बन असलेल्या सायकलीपेक्षा बरी. सगळे पैसे सायकलवरच उडवू नका. बऱ्याच रोडबाईक पेडलशिवाय येतात, आणि पेडल, बूट, बाटलीचे स्टँड, दिवे, फिटिंग यांत वीस हजार सहज जातात. सेकंडहँड कार्बन फोटो बघून कधीच नाही. भेग रंगाखाली असते आणि विकणाऱ्यालाही माहीत नसते. आणि हायब्रिड विकू नका, पावसाळ्यात तीच लागेल. सायकलवाल्यांत म्हणतात की किती सायकली हव्यात याचं उत्तर आत्ता आहेत त्यापेक्षा एक जास्त. घरी हे वाक्य वापरू नका.

माझा हिशोब असा: टायर आणि सीट या आठवड्यात, बीआरएम हायब्रिडवर, आणि दीड लाख फेब्रुवारीपर्यंत बँकेत. तोवर तुम्हाला स्वतःच्या अंगावरून कळलेलं असेल की काय खुपलं. हात, पाठ, गियर, की फक्त मित्र पुढे गेले हे. एकाच वर्षात २००, ३००, ४००, ६०० अशी मालिका करून फ्रान्समधल्या २०२७ च्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या ब्रेव्हेची स्वप्नं पडायला लागली, तर गोष्ट वेगळी. बाराशे किलोमीटर नव्वद तासांत करायचे असतील तर रोडबाईक ही चैन राहत नाही.

एक काम करा. मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राचे आणि पुढच्या सगळ्यात लहान चेनरिंगचे दाते मोजा, एका दात्यावर खडूची खूण करून फिरवलं की चुकत नाही. मागच्या डिरेलरवर लिहिलेला मॉडेल नंबर आणि कॅसेट किती स्पीडची ते पण बघा. हे लिहिलंत तर मोठी कॅसेट त्याच डिरेलरवर बसेल की नाही ते लगेच सांगता येईल.